पंगतीचे ऋण

गेल्या वर्षी ऊसतोडीची माणसे गावी परतू लागली त्या सुमारास, आमच्या देखरेखीखालील एका खेड्यातील एक बंधू हाती कागद घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या वडील मुलाचे लग्न ठरले होते, आणि मुलीकडच्या मंडळींची अडचण ओळखून ते आपल्याच गावी करून द्यावे असा त्यांचा बेत होता. कागद शाळेच्या वहीतला होता व त्यावर खर्चाची यादी होती. ताटे सहाशे, दर ताटास 150 रुपयांप्रमाणे 90,000; कपडे व मानपान 40,000; डी. जे. 25,000, मांडव, खुर्च्या व दिवे 20,000, फोटो व व्हिडिओ 15,000. मंगळसूत्र मुलाच्या आईच्या अंगावरचे मोडून करावयाचे असल्यामुळे ते यादीत नव्हते. एकूण बेरीज 1,90,000 रुपये. तिच्याखाली रेघ मारून हाती असलेली रक्कम मांडली होती, ती 55,000. उरलेल्या 1,35,000 रुपयांपुढे काहीच लिहिलेले नव्हते. परंतु ते कोठून यावयाचे हे आम्हांस न विचारताही समजले.

"साहेब, यातले काय काय खोडावे तेवढे सांगा," ते म्हणाले.

आम्ही पेन्सिल घेतली व मोठ्या उत्साहाने प्रथम डी. जे. खोडला. ज्या आवाजाने शेजारच्या घरावरचे पत्रे थरथरतात व म्हातारी माणसे छाती धरून बसतात, त्यात कोणता आनंद आहे हे आम्हांस आजवर कळलेले नाही. कदाचित तो आमच्या वयाचा दोष असेल. मग व्हिडिओ गेला, कारण भाच्याच्या मोबाइलवर ते काम होण्यासारखे होते. खुर्च्या निम्म्या झाल्या. बंधू मान डोलावीत होते. पुढे पेन्सिल सहाशे ताटांवर आली, तेव्हा मात्र त्यांनी कागदावर हात ठेवला.

"ही ओळ राहू द्या, साहेब. गावात आणि भावकीत मिळून चाळीस घरी मी पोराबाळांसकट जेवलो आहे. त्यांच्या पंगतीला बसलो तेव्हा मी पाहुणा, आणि माझी पाळी आली की मी काटकसर करणारा? कर्ज काढू नये असे आपण उपदेशात सांगता, ते मला पटते. पण या चाळीस घरांचे अन्न माझ्या अंगावर आहे. ते कर्ज नव्हे काय?"

आम्ही पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि नसताना दिले असते तर ते केवळ पाठ केलेले झाले असते. "पंधरा दिवसांनी या," एवढेच आम्ही त्यांस म्हणालो.

वाचकांपैकी पुष्कळांस, विशेषतः आमच्या उपदेशक बंधूंस, हा प्रश्न सोपा वाटण्याचा संभव आहे. ऋण काढून सण करू नये, ही म्हण आपल्याकडे लहान पोरासही ठाऊक आहे. तीस शास्त्रातील एकदोन वचनांची जोड दिली की उपदेश तयार होतो. आम्हीही असे उपदेश केले आहेत. परंतु गरिबाच्या लग्नावर तोंडसुख घेण्याची ही सवय आपल्याही पूर्वीची आहे, आणि ती एकदा चांगलीच खोटी ठरली होती, हे ध्यानात ठेवावे. 1875 सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर चाल करून गहाणखते व रोखे जाळले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील कित्येक गावी पसरले. सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले. कुणबी बुडतो तो लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे, असे तोपर्यंत अनेक अधिकाऱ्यांचे ठाम मत होते. मंडळाने खातेवह्या पाहून जे लिहिले ते निराळेच होते. लग्नाचा खर्च कर्जाच्या बाजूस दिसतो खरा, पण त्यास वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले गेले आहे. कर्जाचे मूळ तेथे क्वचितच असते. पोटाची भाकर, बियाणे, बैल व सरकारी सारा यांसाठी वारंवार काढावे लागणारे लहान लहान कर्जच रयतेचे ओझे अधिक वाढविते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तेव्हा ज्याची विहीर आटली किंवा ज्याचा बैल ऐन पेरणीत मेला, त्यास "तू लग्नात उधळलेस म्हणून दरिद्री झालास" असे सांगणे हे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय बहुधा असत्यही आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही उपदेशपीठावरून फारशी बोलत नाही. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबांचे आजेपणजे गावच्या लग्नात पंगतीस बसत नसत. मांडवाच्या बाहेर, दूर, उष्ट्याची वाट पाहत ते बसत. ते झोळीत घेऊन घरी येत, आणि उरलेले वाळवून ठेवीत. त्या घराण्यातील माणूस आज आपल्या दारात मांडव घालतो, गावास आमंत्रण देतो, आणि लोक येऊन त्याच्या हातचे जेवतात, तेव्हा त्याच्या मनात जे उभे राहते त्यास केवळ डौल किंवा मिरवण्याची हौस म्हणून चालणार नाही. सहाशे ताटांच्या त्या ओळीवर हात ठेवणारा हात आमच्या बंधूंचा एकट्याचा नव्हता.

इतके सर्व मान्य करूनही ती रिकामी जागा भरावयाची राहतेच. गावात मिळणारा पैसा दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाचा. 1,35,000 रुपयांवर महिन्यास 4,050 व वर्षास 48,600 रुपये केवळ व्याज होते, आणि मुद्दल जागच्या जागी. हे व्याज कसे देणार म्हणून विचारले तेव्हा बंधू म्हणाले, "दिवाळीआधी मुकादमाची उचल घेऊ, आणि मोकळे होऊ."

ज्या वाचकांचा ऊसतोडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारखान्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादम मजुरास जी रक्कम आगाऊ देतो तिला उचल म्हणतात, आणि ती पुढे तोडणीतून फेडून घेतली जाते. उचल मिळते ती कोयत्यास. कोयता म्हणजे जोडपे, नवरा व बायको मिळून एक. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. आमच्या बंधूंचा मुलगा आजवर अर्धा कोयता होता. लग्न झाले की तो पूर्ण होणार, पूर्ण कोयत्याची उचल मिळणार, आणि त्या उचलीतून लग्नाचे कर्ज वारले जाणार, असा हा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. पण त्याचा अर्थ असा की, बारावी झालेली व शिवणकामाचे मशीन घेण्याची इच्छा धरून बसलेली एक मुलगी लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत कोपीत राहावयास जाणार, पहाटेच्या थंडीत फडात उतरणार, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणार, आणि असे पाच-सहा महिने करून, स्वतःच्या लग्नात सहाशे माणसे जी जेवली त्यांचे पैसे देणार. तिला हे कोणी विचारले नव्हते. ती अजून त्या घरात आलेलीही नव्हती.

आमच्या मते प्रश्नाची गाठ येथे आहे. चाळीस घरांचे अन्न हे ऋण खरे; ते नाकारावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याचे ऋण त्याने आपल्या अंगाने फेडावे, यात त्याची अब्रू आहे. ते दुसऱ्याच्या डोक्यावर, त्यातही ज्यास बोलण्याची सोय नाही अशाच्या डोक्यावर ठेवून स्वतः मोकळे होणे, यास फेडणे कसे म्हणावे? शिवाय पंगतीचे ऋण हे सावकाराच्या ऋणासारखे नाही. त्यास व्याज नाही, मुदत नाही, आणि ते ताटानेच फेडावे असा रोखाही कोणी लिहून घेतलेला नाही.

पंधरा दिवसांनी बंधू आले तेव्हा आम्ही त्यांस हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि म्हणाले, "साहेब, हे मला पटले. पण त्या चाळीस घरांस कोणी पटवावे?"

आणि हेही खरेच होते. लग्न लहान करणे हे यजमानाच्या हाती वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे. तो ताटे कमी करील. पण "लेकाच्या लग्नात गावाला पाणीसुद्धा पाजले नाही" हे शब्द गाव वीस वर्षे बोलणार असेल, तर त्याने काय करावे? आम्ही यजमानास फार उपदेश केला आहे. पाहुण्यास कधी केला आहे काय? गालीलातील काना गावच्या लग्नाची गोष्ट आपण शेकडो वेळा वाचली असेल. तेथे द्राक्षारस सरला हे वराच्या ध्यानात आले नव्हते, भोजनकारभाऱ्यास तर अखेरपर्यंत कळले नाही. ते प्रथम ओळखले एका पाहुण्या बाईने, येशूच्या आईने. तिने त्या घरास नावे ठेवली नाहीत. ज्यास सांगावयाचे त्यास तिने हळूच सांगितले, चाकरांस दोन शब्द सांगितले, आणि घराची लाज राहिली. पाहुणा म्हणून कसे जावे हे त्या बाईकडून शिकण्यासारखे आहे; परंतु लग्नाच्या उपासनेत आम्ही पाळक लोक त्या गोष्टीवर बोलतो तेव्हा बहुधा रांजणांपाशीच थांबतो.

साधे लग्न एकट्याच्या बळावर होत नाही, याचा एक दाखला आपल्याच देशात आहे. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. पुरोहित नाही, बडेजाव नाही. खर्च हारतुऱ्यांचा व पानसुपारीचा. त्यास विरोध झाला, आणि पुढच्या वर्षीच्या अशाच लग्नासही झाला. तरी ती लग्ने निभावली. वधूवरांच्या घरची माणसे विशेष धीट होती म्हणून नव्हे, तर त्यांच्या पाठीशी माणसांचा एक समाज उभा राहिला होता म्हणून. आपल्यासाठी कायदाही फारसे काही मागत नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणे पाळकाव्यतिरिक्त दोन साक्षीदार असले व वेळ सकाळी सहा ते सायंकाळी सात यांमधील असली म्हणजे उपस्थितीचा व वेळेचा प्रश्न संपला. बाकीचे पाचशे अठ्ठ्याण्णव आपण स्वतः बोलावतो.

आता एक अप्रिय गोष्ट. साधेपणाचा आरंभ गरिबाकडून करविणे हा अन्याय आहे. मास्तर, परिचारिका, कारखान्यातील कायम नोकर किंवा पाळक यांनी पन्नास माणसांत लग्न केले, तर लोक म्हणतात, "केवढे थोर मन!" मजुराने तेच केले तर म्हणतात, "पत नव्हती, दुसरे काय?" ज्यास लोकापवाद झेपतो त्याने तो आधी घ्यावा, म्हणजे मागून येणाऱ्यास वाट होते. हे लिहिताना आमची मान खाली जाते. आमच्या लग्नास बावीस वर्षे झाली. आमच्या वडिलांनी चारशे माणसे जेवू घातली, आणि ते कर्ज आमच्या पत्नीच्या शाळेतील पगारातून चार वर्षे फिटत होते. त्याविषयी ती इतक्या वर्षांत एकदाच बोलली. "ज्या जेवणाचे पैसे मी चार वर्षे दिले," ती म्हणाली, "ते त्या दिवशी मला वाढायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही." आम्हांस त्यापूर्वी हे ठाऊक नव्हते.

असो. त्या खेड्यातील मंडळीची रविवारची उपासना झाल्यावर आम्ही सर्वांस बसवून घेतले. यादी कोणाची हे सांगितले नाही. पण खेड्यात ते सांगावे लागत नाही. आम्ही इतकेच विचारले की, आपल्यापैकी कोणाच्या घरी लग्न निघाले तर त्यास आहेर लग्नानंतर कापडात देण्याऐवजी लग्नापूर्वी शिध्यात देता येईल काय? प्रथम कोणी बोलले नाही. मग एक म्हातारी बाई हसू लागली. तिच्या पेटीत म्हणे तेवीस टॉवेल व चौदा टोप्या आहेत, सगळ्या आहेरात आलेल्या व आहेरात जाण्यासाठी ठेवलेल्या. त्यातली एक टोपी तिने स्वतः एकास दिली होती, ती चार घरे फिरून दोन वर्षांनी तिच्याच मुलाच्या डोक्यावर परत आली. यावर सर्व मंडळी हसली, आणि पुढचे काम सोपे झाले. कोणी पायलीभर गहू देतो म्हणाला, कोणी डाळ, कोणी सरपण. तिघी बायकांनी स्वयंपाक अंगावर घेतला. पूर्वी लग्नघरी दळण-कांडण शेजारपाजारच करीत असे, हे त्या म्हातारीनेच तरुण पोरींस सांगितले. आम्हांस सांगावे लागले नाही.

आमच्या बंधूंनी याहून एक अधिक गोष्ट केली, जी आम्हांस सुचली नव्हती. चाळीस घरांची नावे त्यांनी एका वहीत लिहिली, आणि लग्नापूर्वी ते त्या प्रत्येक घरी स्वतः गेले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच सांगितले: "तुमच्याकडे मी जेवलो आहे, विसरलो नाही. माझ्याकडे प्रत्येक घरच्या एकाने जेवायला यावे, बाकीच्यांनी चहाला यावे. आणि तुमच्या घरी कार्य निघेल तेव्हा मला आदल्या दिवसापासून पाणी भरायला, वाढायला आणि भांडी घासायला बोलवा." हे सांगताना त्यांस किती जड गेले असेल याची कल्पना ज्याने कधी चाळीस उंबरे चढून आपली गरिबी बोलून दाखविली आहे त्यासच येईल.

लग्न सोमवारी सकाळी दहा वाजता प्रार्थनामंदिरात लागले. दीडशे माणसे जेवली: लापशी, वांग्याची भाजी, आमटी व भात. शिध्यामुळे जेवणास वरखर्च 11,000 आला. कपडे 14,000; मुलीकडच्या मंडळींची गाडी 6,000; वाजंत्री 4,000, कारण वाजंत्र्याशिवाय लग्न हे बंधूंस मान्य झाले नाही व आम्हीही आग्रह धरला नाही; मांडवाचे कापड व किरकोळ 3,000. एकूण 38,000 रुपये. शिल्लक राहिलेल्या 17,000 रुपयांतून नव्या जोडप्याच्या खोलीवर पत्रे पडले व शिवणाच्या मशीनसाठी काही रक्कम बाजूस ठेवता आली. वधूवरांस पहिल्या पंगतीस बसवून जेवू घालावे अशी आज्ञा आमच्या पत्नीने स्वयंपाकाच्या बायकांस स्वतः जाऊन दिली होती.

सर्व काही गोड झाले असे मात्र नाही. बंधूंचे एक थोरले चुलत भाऊ मांडवात आले, चोहोकडे पाहिले, आणि न जेवता निघून गेले. "आमच्या घराण्यात अशी गत कधी झाली नव्हती," असे ते वेशीपर्यंत बोलत गेले. त्यानंतर त्यांनी या घराचा उंबरा चढलेला नाही. दोन-तीन घरे अजून तुटक बोलतात. मुलगा यंदा अर्धा कोयता म्हणून हंगामास गेला, व सून घरी राहिली. मशीन अद्याप आलेले नाही, दुसऱ्याचे मागून ती काम करते.

वहीतील अकरा घरी आमचे बंधू आतापर्यंत पाणी भरून आले आहेत. प्रत्येक नावापुढे ते एक खूण करतात. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा वही त्यांनी दाखविली, आणि बाराव्या नावावर बोट ठेवले. ते त्या चुलत भावाचेच होते. त्यांच्या मुलीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. बोलावणे आले काय, असे आम्ही विचारले.

"नाही आले," बंधू म्हणाले. "पण पाणी भरायला बोलावणे कशाला लागते, साहेब? आदल्या दिवशी घागर घेऊन जाईन. हाकलले तर परत येईन."